साडेआठची नोंद

जळगाव जामोद,
१४ जून २००३

चि. अनंत यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. फोन कर म्हणतोस, पण आपला फोन दादा गेल्यापासून नुसता खरखरतो, आणि एसटीडीवाल्याच्या खोक्यात उभं राहून घरचं बोलायचं म्हणजे साऱ्या पेठेला आमंत्रण. शिवाय मला जे विचारायचं आहे ते ऐकून तू हसशील, आणि तुझं हसू पत्रातून ऐकू येत नाही हे बरं.

तुझ्या बाबांच्या त्या संगणकाबद्दल लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातला जुना म्हणून तू तो आणून दिलास, त्यात लिनक्स घातलंस, आणि पावसाच्या नोंदींसाठी वेगळी डिस्क बसवलीस. महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या मृगापासून दादा रोज सकाळी साडेआठला अंगणातलं पर्जन्यमापक पाहून वहीत पाऊस लिहीत आला. शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाला, पण साडेआठ चुकवले नाहीत. त्या त्रेचाळीस वर्षांच्या वह्या मी वाचून दाखवल्या आणि त्यानं टाइप केल्या. हे तुला माहीतच आहे. तो गेल्यापासून संगणक बंद करायला माझा हात धजलेला नाही. चालू आहे, इन्व्हर्टरवर.

आता ऐक. पावसाची डिस्क दिवसभर झोपलेली असते, दादानं तशी सोय केली होती. पण रोज सकाळी साडेआठला ती जागी होते. आधी लांब घूं, मग टक् टक्, मग उंदरानं कागद कुरतडावा तसं. मी तेव्हा देवघरात पूजेला बसलेली असते. त्या खोलीत कुणी नसतं. आणि नंतर पाहावं तर एक नोंद बदललेली असते. एकच. १७ ऑगस्ट १९६३. वहीत आहे शून्य पूर्णांक पंचाऐंशी इंच. दादानं माझ्यासमोर तेच टाइप केलं होतं. आता तिथे चार पूर्णांक पंचाऐंशी असतं. मी शून्य करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. असं सहा वेळा झालं.

दादाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, ते माझ्या मनातून जात नाही. सकाळी आठपासून दहापर्यंत तू नि मी नदीवर उन्हात उभे होतो. तुला दुपारची गाडी गाठायची होती, म्हणून शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. चालतं म्हणे. शास्त्रात चालत असेल.

तब्येत सांभाळ. मी बरी आहे.

तुझी
वासंतीआत्या

•

पुणे,
२१ जून २००३

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

हसलो नाही. थोडासा हसलो. कावळ्याचं माझ्याही मनात आहे, पण तू दोन गोष्टींची मोट बांधू नकोस. कावळा वेगळा, डिस्क वेगळी.

तुला समजेल असं सांगतो. डिस्कला आपण थेट हात लावू शकत नाही. लिनक्सचा एक गाभा असतो, त्याला आम्ही कर्नल म्हणतो. देवळाच्या गाभाऱ्यात जसा फक्त गुरव जातो, तसं डिस्कजवळ फक्त कर्नल जातो. आपण बाहेरून चिठ्ठी द्यायची, की बाबा रे, हिला वीस मिनिटांनी झोपव, किंवा हिला सावकाश वाचू दे. तो आत जाऊन तसं करतो. चिठ्ठी द्यायच्या आज्ञेचं नाव एचडीपार्म.

मला वाटतं डिस्क घाईत आहे. बाबांनी तिला वेगानं माहिती देण्याची परवानगी दिलेली दिसते आणि जुन्या यंत्राला ती झेपत नाही. अशा घाईत एखादं अक्षर बिघडतं. शून्याचा चार होणं विचित्र आहे, पण अशक्य नाही. साडेआठला जागी होण्याचं म्हणशील तर बाबांनी वेळापत्रकात काहीतरी लावून ठेवलं असेल, त्यांचा स्वभाव.

सोबतच्या वेगळ्या कागदावर तीन ओळी रोमन अक्षरांत मोठ्या लिहिल्या आहेत. पहिलीनं वेग कमी होईल. दुसरीनं ती लवकर झोपेल. तिसरीनं बाबांचं सगळं वेळापत्रक पुसलं जाईल. बाबांनी तुझ्या नावाला पूर्ण अधिकार दिलेले आहेत आणि तुझा परवलीचा शब्द तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, तेव्हा तूच हे करू शकतेस. जिथे मोकळी जागा सोडली आहे तिथे सोड. आणि वीज पूर्ण गेली तर पहिल्या दोन चिठ्ठ्या पुन्हा द्याव्या लागतील, कारण बंद पडलं की गुरव सगळं विसरतो.

तुझा
अनंत

•

जळगाव जामोद,
२ जुलै २००३

चि. अनंत यास आशीर्वाद.

तिन्ही ओळी टाइप केल्या. पंचवीस वर्षं फळ्यावर समीकरणं लिहिली आहेत, मोकळ्या जागा मला शिकवू नकोस. वेळापत्रक पुसलं. आता तिथे काहीच नाही, तुझ्या सांगण्याप्रमाणे तपासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला घूं झालं, आणि चार.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते. त्या टेबलावर रोज चहाचा कप सापडतो. अर्धा प्यायलेला, आणि त्यावर बशी उपडी झाकलेली. चहावर अशी बशी कोण झाकायचं ते तुला सांगायला नको. मी स्वतः चहा सातला घेते, स्वयंपाकघरात, आणि कप धुऊन ठेवते. कोकिळा सकाळ-संध्याकाळ भांड्याला येते, पण तिला मी अजून काही विचारलेलं नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर मग मी कुठे जाऊ?

माझंही वय होत चाललं आहे. हल्ली पूजेत गंध सहाणेवरच वाळून जातं आणि फुलं वाहायची राहतात. घड्याळ पाहावं तर नऊ वाजून गेलेले. शाळा अकराची आहे म्हणून निभतं.

पाऊस बरा आहे. मी मोजत नाही.

तुझी
आत्या

•

पुणे,
१० जुलै २००३

ती. आत्यास नमस्कार.

कपाचं वाचून मी रात्रीचं जेवण अर्धवट टाकलं. आत्या, सातचा चहा आणि साडेआठचा चहा यात एक चहा तूच विसरत असशील. माणूस गेल्यावर त्याच्या सवयी घरच्यांच्या हाताला लागतात. आई गेल्यावर बाबा कित्येक दिवस भाजीत दोनदा मीठ घालत होते, एक तिच्या वाटणीचं.

डिस्ककडे येतो. आता माझा संशय दुसरीकडे आहे. डिस्कला एक वाईट सवय असते. तुम्ही काही लिहायला दिलं की ती लगेच ‘लिहिलं’ म्हणून सांगते, पण खरं तर लिहिलेलं नसतं, नुसतं हातात धरून ठेवलेलं असतं. सवडीनं लिहीन म्हणते. मध्येच वीज गेली की हातातलं जातं आणि आधीचं होतं तेच राहतं. तू शून्य लिहितेस, ती हो म्हणते, पण खाली चारच असतो. सोबतच्या चिठ्ठीनं ही सवय बंद होईल. मग ती लिहिल्याशिवाय हो म्हणणार नाही.

एक विचारू का? एका आकड्यासाठी तू एवढी का कासावीस आहेस? चाळीस वर्षांपूर्वीचा पाऊस. शून्य असो की चार, आता कुणाचं काय भिजणार आहे?

तुझा
अनंत

•

जळगाव जामोद,
२४ जुलै २००३

चि. अनंत,

लिहिलं म्हणून सांगायचं आणि खरं लिहायचं नाही, ही सवय यंत्रालाही असते तर.

तुझी चिठ्ठी दिली. काही उपयोग नाही. रोज चार.

कासावीस का, हे विचारू नकोस. वहीत जे आहे ते तिथे राहिलं पाहिजे, एवढंच समज. त्या डिस्कवर पुढे कुणालाच काही लिहिता येणार नाही अशी एखादी चिठ्ठी तुझ्या त्या गुरवाला देता येते का? येत असेल तर पाठव. नसेल तर मी तिला विहिरीत टाकते.

वासंतीआत्या

•

पुणे,
३० जुलै २००३

ती. आत्यास नमस्कार.

विहिरीत टाकू नकोस. त्यात बाबांची त्रेचाळीस वर्षं आहेत.

हवी तशी चिठ्ठी आहे. शेवटी ‘आर’ आणि त्याला चिकटून ‘एक’. ती दिली की कर्नल सर्वांना सांगेल, हिचं फक्त वाचन होईल, लिहिणं बंद. कुणी कितीही सांगितलं तरी तो लिहू देणार नाही. आधी नोंदीत शून्य कर, पाच मिनिटं थांब, मग ही ओळ टाइप कर. बंदी उठवण्याची चिठ्ठी मी मुद्दाम लिहीत नाही. तुझ्याजवळ नसलेलीच बरी.

बाबांची स्मृती शेवटी थोडी ढिली झाली होती का? आकडे बदलण्याचा काही कार्यक्रम त्यांनीच लिहून ठेवला असेल तर त्याचाही यानं नाइलाज होईल.

दिवाळीला येतो. रागावू नकोस.

तुझा
अनंत

•

जळगाव जामोद,
१९ ऑगस्ट २००३

चि. अनंत यास आशीर्वाद.

हे पत्र आणि संगणकाचा डबा, डिस्क आतच ठेवून, आपले शेजारी उकंडराव तुझ्याकडे आणून देतील. निवृत्त कंडक्टर आहेत, लेकीकडे पुण्याला निघाले आहेत. डबा गोधडीत बांधून दिला आहे. ‘बाई, याचं तिकीट काढा लागते का?’ म्हणाले. मला हसू आलं नाही.

सोळा तारखेला तू सांगितलंस तसं सगळं केलं. शून्य केलं, थांबले, बंदीची चिठ्ठी दिली. पडताळा म्हणून काहीतरी लिहून पाहिलं, तर संगणकानं नकार दिला. बरं वाटलं. मग खोलीला कुलूप घातलं, आणि किल्ली करदोड्यात अडकवून कमरेला ठेवली.

सतरा तारखेला सकाळी आंघोळ करून पूजेला बसले. साडेआठला कुलपाच्या आत घूं झालं.

नंतर किती वेळ गेला ठाऊक नाही. दिवा विझला होता. किल्ली कमरेलाच होती. मी कुलूप काढलं. नोंदीत चार होता. टेबलावर कप होता, बशी झाकलेली. बशीला हात लावला तर कोमट लागली.

अनंता, मी भित्री नाही. या घरात मी एकटी राहते आणि कधी कडी तपासायला उठलेली नाही. पण त्या दिवशी मी अंगणात पर्जन्यमापकाजवळ जाऊन बसले ती दुपार टळून गेली तरी बसूनच राहिले.

ती डिस्क तुझ्याकडेच ठेव. फोडून टाकलीस तरी चालेल. त्यात काय दिसलं ते मला कळवलं नाहीस तरी चालेल.

वासंती

•

पुणे,
२ सप्टेंबर २००३

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळच लिहितो, आणि आधी सांगतो की मी तुझ्यावर रागावलेलो नाही.

डिस्क चांगली आहे. तिच्यात कसलाही दोष नाही. बाबांचा कुठलाही छुपा कार्यक्रम नाही. पण लिनक्समध्ये एक वही असते. कोण, किती वाजता, आपलं नाव आणि परवलीचा शब्द सांगून आत आलं, हे ती लिहून ठेवते. आणि दिलेल्या आज्ञांचीही नोंद राहते. मी ती पाहिली.

रोज सकाळी साडेआठला, मिनिटभर इकडेतिकडे, एकच नाव आत आलं आहे. वासंती. समोरच्या कीबोर्डवरून. पावसाची फाइल उघडली, शून्याचा चार केला आणि पुन्हा बंद केली. आणि संध्याकाळी तेच नाव पुन्हा आत येऊन चाराचा शून्य करतं. अडीच महिने असंच चालू आहे.

सतरा ऑगस्टला आधी बंदी उठवण्याची चिठ्ठी दिलेली आहे. ‘आर’ आणि ‘शून्य’. आत्या, मी तुला फक्त ‘एक’ पाठवला होता. शून्य मी कधीच पाठवला नव्हता.

सुट्टी काढून येऊ का? डॉक्टरांना दाखवू. की आधी तू मला सांगतेस, त्या दिवशी खरा पाऊस किती पडला होता?

तुझा
अनंत

•

जळगाव जामोद,
१२ सप्टेंबर २००३

चि. अनंत यास आशीर्वाद.

येऊ नकोस. आधी हे वाच.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी कोकिळाला विचारलं. ती भांडी घासता घासताच बोलली. ‘हाव बाई, तुमीच तं बसता थ्या खोलीत रोज. थ्या दिवशी कुलूप बी तुमीच काहाडलं अन् तुमीच लावलं. मी चहा आणून ठुते तं तुमी मान बी वर करत नाही. मले वाटलं शाळेचं काम हाय.’ मी विचारलं, आणि बशी? ‘थे बी तुमीच झाकता, गुरुजीवानी. काऊन, काही झालं का?’

काही झालं नाही म्हटलं. बंदी उठवण्याचं म्हणशील तर गणिताच्या बाईला एकाच्या उलट शून्य, हे सांगावं लागत नाही. पण मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, हे खरं आहे. देवासमोर बसते, आणि मग नऊ वाजलेले असतात.

खरा पाऊस चार पूर्णांक पंचाऐंशी इंच पडला होता. मीच मोजला होता.

तेव्हा नाल्यावर पूल नव्हता. पलीकडे भाजीच्या वाड्या होत्या, लोक सकाळी माळवं घेऊन नाला उतरून गावात येत. डोंगरात जोर असला की तासाभरात लोंढा यायचा. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा, त्यानं वाडीवरच्या लोकांशी ठरवलं होतं. साडेआठला पाऊस मोजायचा, आणि चार इंचांच्या वर असला तर आपल्या माळवदावर काठीला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की त्या दिवशी कुणी नाल्यात पाय घालायचा नाही. तीन पावसाळे ते चाललं. लोक आभाळ पाहत नसत, आपलं माळवद पाहत.

त्या आठवड्यात दादा खामगावला शिक्षकांच्या वर्गाला गेला होता. मी चौदा वर्षांची. मोजायचं काम माझ्यावर होतं. मी मोजलं, चार पंचाऐंशी. आणि फडकं काढायला पेटी उघडली तेव्हा आठवलं की ते मीच तेरा तारखेला कापलं होतं. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला सगळ्या मुलींच्या वेण्यांना लाल रिबिनी हव्या होत्या, आणि मला पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं.

दुसरं काहीही बांधता आलं असतं रे. आईचं लुगडं होतं. नाहीतर धावत नाल्यावर जाऊन ओरडता आलं असतं. मी घाबरले. फडकं कापलं म्हणून दादा रागावेल, एवढंच मला दिसत होतं. म्हणून मी वहीत चाराच्या जागी शून्य लिहिलं. शून्य असेल तर फडक्याची गरजच नाही. दादाच्या अक्षरासारखा शून्य काढला. वहीत आजही तो आहे, तो माझा आहे.

वाडीवर तुळशीराम होता. त्याची बायको जनकाबाई गवारीची पाटी घेऊन नाल्यात उतरली, मध्यावर होती तेव्हा लोंढा आला. मुलगा कडूबा सहा वर्षांचा, काठावर राहिला होता. तिसऱ्या दिवशी ती खाली सापडली.

दादा परत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं वही उघडून ते पान पाहिलं. मग म्हणाला, वहीत आहे ते राहू दे. पुन्हा त्यानं हा विषय काढला नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी मी वाचत होते आणि तो टाइप करत होता, तेव्हा ती तारीख आली. मी वाचलं, शून्य पंचाऐंशी. त्याची बोटं थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीतून डोकं वर केलं नाही. मग त्यानं शून्य टाइप केलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तो वाट पाहत होता.

काल मी संग्रामपूरकडे गेले. कडूबा तिकडे मामाच्या गावात शेती करतो, भाजीच लावतो. ओसरीवर बसला होता. मी माझं नाव सांगितलं. त्यानं पोतं अंथरलं आणि मी बोलण्याआधीच म्हणाला, ‘बाई, मले माहीत हाय.’

मी म्हटलं, काय माहीत आहे?

‘गुरुजी दरसाल याचे. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी. अथीच बसाचे. म्हणाचे, कडूबा, त्या दिवशी फडकं मी लावलं नाही, चुकी माही हाय. लय वर्सं मी आयकलं. मंग एकदा म्या म्हटलं, गुरुजी, तुमी तं खामगावले होते, माहा बाप सांगे. तं ते खाली पाहून राह्यले.’

मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘तवा मले समजलं का घरात दुसरं कोण होतं. गुरुजीले म्या काही म्हटलं नाही. मी तुमची वाट पाहून राह्यलो होतो. चाळीस साल झाले बाई. लय होते.’

मी त्याचे पाय धरायला वाकले तर त्यानं पाय मागे घेतले. म्हणाला, ‘माफीचं मले समजत नाही. माही माय मेली. पण तुमी आल्या, आता बसा. चहा ठेवाले सांगतो.’

मी बसले. तो चहा मी पूर्ण प्यायले, अनंता. माझा भाऊ चाळीस वर्षं त्या ओसरीवर माझं पाप स्वतःच्या नावानं सांगत बसला, आणि मी त्याच्या दहाव्याला कावळा का येत नाही म्हणून आभाळ पाहत होते. मला माझी लाज वाटते. ती आता शब्दांत लिहून टाकली, एवढंच.

डॉक्टर नको. आता साडेआठला मी जागी असते.

वासंतीआत्या

•

पुणे,
२० सप्टेंबर २००३

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून ऑफिसला गेलो नाही. पर्वतीवर जाऊन बसलो. तुझा राग आला, बाबांचाही आला, मग दोन्ही गेले आणि नुसतं रडू आलं. तू गेलीस कडूबाकडे, हे फार मोठं केलंस. बाकी काही बोलायची माझी पात्रता नाही.

एक राहिलं आहे. सांगू नये असं वाटत होतं, पण आता या घरात लपवाछपवी पुरे.

लिनक्सची ती वही काल मी अगदी पहिल्या पानापासून पाहिली. मागच्या पत्रात मी फक्त जून, जुलै आणि ऑगस्ट पाहून लिहिलं होतं. शून्याचा चार पहिल्यांदा जूनमध्ये झालेला नाही. त्याआधी एकदा झाला आहे. २९ मे, सकाळचे साडेआठ. नाव वासंती. समोरच्या कीबोर्डवरून, तुझाच परवलीचा शब्द देऊन, पहिल्याच खेपेला बिनचूक.

२९ मे म्हणजे बाबांचा दहावा. त्या साडेआठला तू माझ्याशेजारी नदीवर उभी होतीस. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

यंत्राचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तीनदा ताडून पाहिलं. चुकलेलं नाही.

डिस्कचं काय करू ते कळव.

तुझा
अनंत

•

जळगाव जामोद,
१ ऑक्टोबर २००३

चि. अनंत यास अनेक आशीर्वाद.

दहाव्याला मी तुझा हात धरून उभी होते, माझ्या हाताला घाम आला होता हे तुला आठवत असेल. मग खोलीत कोण बसलं होतं ते तुझ्या गुरवाला विचार. माझा परवलीचा शब्द मी कुणाला सांगितलेला नाही, पण ज्याला ओळखायचा असेल त्याला तो अवघड नव्हता. तो ‘जनका’ होता.

मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर थोडी वाटते, पण ती सोडून जावी असंही वाटत नाही.

परवा रात्रभर हत्तीचा पाऊस पडला. साडेआठला अंगणात जाऊन मी पर्जन्यमापक पाहिलं. एकशे नऊ मिलिमीटर. इंचात चार पूर्णांक एकोणतीस. वहीत माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग पेठेतून आणलेलं लाल कापड घेऊन माळवदावर गेले आणि काठीला बांधलं. नाल्यावर पूल होऊन तीस वर्षं झाली, पलीकडे आता वाड्याही नाहीत, फडकं कशाचं ते कुणाला ठाऊक नाही. खालून कोकिळा ओरडली, ‘बाई, कोणाची मिरवणूक हाय का?’ मी म्हटलं, हो, आहे.

काकघास रोज भिंतीवर ठेवते. कावळा येतो की नाही ते विचारू नकोस, मी पाहत बसत नाही.

डबा डिस्कसकट परत पाठव. उकंडराव दसऱ्यानंतर येणार आहेत, त्यांच्याबरोबर दे. त्या नोंदीत चार पूर्णांक पंचाऐंशी तसंच ठेव. वही तशीच राहू दे, शून्यासकट, म्हणजे दोन्ही शेजारी दिसतील. डिस्कला बंदी घालू नकोस, आणि तिची झोपायची चिठ्ठीही काढून टाक. साडेआठला मी त्या खुर्चीवर बसलेली असेन, शुद्धीवर. शेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवली आहे, आणि कोकिळाला दोन कप ठेवायला सांगितलं आहे.

तुझी
वासंतीआत्या